‘तुम्ही किल्ली उचलला’

संपादक महोदय,

मराठीतून गेम येऊ लागल्याचे स्वागत करणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. स्वागत मीही करते. पण त्यांचे भाषांतर घरी बसून मीच करते, म्हणून पडद्यामागचे थोडे.

आमच्याकडे एक्सेल फाइल येते. त्यात वाक्ये, आणि वाक्यात वस्तूच्या नावासाठी गाळलेली जागा. नावे दुसऱ्या फाइलीत. दोघांची गाठ पडते ती खेळ सुरू झाल्यावर. इंग्रजीत हे खपते. मराठीत दरवाजा सापडला, पेटी सापडली, कपाट सापडले. तिन्हींना चालेल असे क्रियापद आणू कुठून? मग पळवाट काढायची : ‘उचललेली वस्तू : किल्ली’. व्याकरण शाबूत, पण वाचताना पोलिसी पंचनामा वाटतो.

सूचनांमध्ये खरी गोची होते. २००८-०९ मध्ये परदेशी संशोधकांनी ‘गिव्ह’ नावाची स्पर्धा घेतली होती. खेळाडू इंटरनेटवरून आभासी खोल्यांत फिरायचा आणि कुठले बटण दाबायचे ते संगणक स्वतः इंग्रजी वाक्ये रचून सांगायचा. त्या पहिल्या फेरीत १,१४३ ग्राह्य डाव नोंदले गेले. समोर दोन लाल बटणे असली की ‘लाल बटण दाब’ पुरत नाही, शेजारची खूण सांगावी लागते. मराठीत नेमके तिथेच नाव बदलते. ‘दिव्याच्या डावीकडचे लाल बटण’ हवे होते. आमच्या गेममध्ये उमटले ‘दिवाच्या डावीकडचा लाल बटण’. खाली भाषांतरकाराचे नाव नसते, हे माझे नशीब.

नऊ वर्षांच्या भाचीला तो गेम दाखवला. शेवटी ‘तू हरलास’ आले. हरल्याचे तिला काही नाही, ‘मी काय मुलगा आहे का?’ म्हणून रुसली.

उपाय अवघड नाही. नावांच्या फाइलीत दोन रकाने वाढवा : एकात लिंग, दुसऱ्यात सामान्यरूप. दिवा, पुल्लिंग, दिव्या. भिंत, स्त्रीलिंग, भिंती. कपाट, नपुंसकलिंग, कपाटा. मग विशेषण, क्रियापद, ‘च्या डावीकडे’ हे सगळे प्रोग्रामला जुळवता येते. दीड-दोनशे वस्तूंना एक संध्याकाळ पुरते. पैसे शब्दांवर मिळतात, तरी हे रकाने फुकट भरून देते असे मी कळवले होते.

उत्तर आले : ‘फाइलचा साचा बदलू नये.’

— एक भाषांतरकार, नाशिक रोड