जुने धडे ओळखा

महोदय,

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू पाहणारी मुले सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ धरतात आणि पहिल्याच ओळीला अडतात. पायथन २ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पण त्यावरचे धडे अजून फिरताहेत. ‘प्रिंट’ (print) या आज्ञेपुढे कंस नसेल किंवा ‘रॉ_इनपुट’ (raw_input) ही जुनी आज्ञा दिसली, तर तो धडा सरळ सोडावा. पायथन ३ मध्ये पहिल्याला ‘सिंटॅक्स एरर’ (लिहिण्याची रचना चुकल्याचा संदेश) येते, दुसऱ्याला ‘नेम एरर’ (ते नाव ओळखीचे नसल्याचा संदेश). मुलाला वाटते, आपलेच चुकले!

पायथनच्या संकेतस्थळावरचे ट्युटोरियल मोफत आणि चालू आवृत्तीचे आहे. अगदी नवख्याला जरा जडच. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठी निवेदनही मिळते, मात्र आवृत्ती आधी तपासावी. कोड कॉपी-पेस्ट न करता हाताने टाइप करावा. इंडेंटेशनमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेत, स्पेस आणि टॅबची सरमिसळ झाली की प्रोग्राम चालत नाही.

– एक संगणक शिक्षक, सातारा