काका, तो पाना तुम्ही माझ्या हातात दिलात

काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल, दोन घरं सोडून राहतेस आणि पत्र कसलं लिहितेस? पण त्या शेगडीसाठी समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलता. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. अप्पा सुखरूप कराडला पोहोचले. फोनवर पहिला प्रश्न, "ते कोल्हापूरचे गृहस्थ बरे आहेत ना?" माझी चौकशी त्यानंतर.

कवळी बसल्यापासून अप्पांचं मटण म्हणजे नुसता रस्सा आणि भात. कुकरमध्ये फोडी मऊ होतात, पण त्यांना हवा असतो निखाऱ्याचा वास. आणि निखाऱ्यावर झटपट भाजलेलं त्यांना चावत नाही. मऊही व्हावं आणि धूरही लागावा, यासाठीच तर मी ही सिरॅमिकची अंड्यासारखी शेगडी घेतली. खाली एक झडप, वर एक झडप, जाड भिंती. एकदा बस्तान बसलं की थोड्या कोळशावर २२५ अंश फॅरनहाइट तासन्‌तास धरून ठेवायची तिची ख्याती. माझी मात्र साडेतीनशेच्या खाली उतरायलाच तयार नव्हती. दोन्ही झडपा घट्ट लावल्या तरी आतले निखारे फुललेलेच. बकऱ्याचा फरा, म्हणजे खांद्याचा तुकडा, बाहेरून करपायचा, आतून चामड्यासारखा चिवट. अप्पा तरीही एखादा तुकडा तोंडात धरून बसायचे आणि "छान झालंय" म्हणायचे. ते बघवत नव्हतं.

ज्या दुकानातून घेतली, त्यांनी प्रत्येक फोनला एकच ऐकवलं: तुम्ही कोळसा जास्त घालता, तुम्ही झाकण सारखं उघडता. एकदा तर "तुमच्या मिस्टरांना फोन द्या" म्हणाले. अहो, शेगडी मी घेतलेली, पेटवतेय मी! आणि हे कुठे, तर अटलांटात. १९७४ साली एड फिशर यांनी जपानी कामाडो चुली विकायला सुरुवात केली ती याच शहरात. आज इथे गल्लोगल्ली अशा शेगड्या दिसतात. त्या गावच्या दुकानदाराला स्वतःचा माल तपासावासा वाटू नये? आमच्या ओळखीतल्या जाणकारांनीही काही कमी केलं नाही. जो येई तो चिमटा हातात घेई, झडप इकडे-तिकडे फिरवी आणि मला कांदा चिरायला आत पाठवी.

तुम्ही आलात ते वेगळेच. आल्या आल्या विचारलंत, "काय काय करून बघितलंस?" आणि मी सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकलंत. मग खिशातून एक डॉलरची नोट काढलीत, ती झाकणाच्या कडेत धरून झाकण मिटलंत आणि मला म्हणालात, "ओढ." पुढून नोट हलेना. बाजूनेही हलेना. मागे, बिजागरीपाशी ती अलगद सरकन बाहेर आली. म्हणजे तिथे फट होती, आणि झडपा लावल्या तरी निखाऱ्यांना तिथून हवा मिळत होती. "झाकण वाकडं बसलंय पोरी. तुझं काय बी चुकलं न्हाई."

हे वाक्य मला किती दिवसांपासून कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, ते माझं मला ठाऊक.

पण मी हे पत्र लिहितेय ते त्यानंतरच्या क्षणासाठी. तुम्ही गाडीतून पाना आणलात. मी सवयीने बाजूला सरकले. तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात आणि ते जडशीळ झाकण स्वतःच्या दोन्ही हातांनी तोलून धरून उभे राहिलात. वय तुमचं, गुडघे तुमचे, आणि वजन तुम्ही उचललंत! मी झाकणाला आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे नट सैल केले, झाकण नीट बसवलं, पुन्हा आवळले. तुम्ही "डावीकडं जरा", "आता बास" यापलीकडे बोलला नाहीत. सगळीकडे नोट अडकायला लागली तेव्हा पाना परत मागितला नाहीत. "राहू दे तुझ्यापाशी, नट सैल पडत्यात अधनंमधनं."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुरासाठी पेकनच्या लाकडाचे दोन तुकडे टाकून कांदा-लसूण मसाला चोळलेला फरा चढवला. मांसात खोचलेल्या तापमापकाचा काटा १६० च्या आसपास येऊन जो अडकला तो हलेना. जीव खालीवर झाला, तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, मांसातलं पाणी वर येऊन उडतंय, माठ गार होतो तसं ते स्वतःला गार करतंय. घाबरून आच वाढवू नकोस, वाटलं तर फॉइलमध्ये गुंडाळ. गुंडाळला. १९५ च्या पुढे गेल्यावर उतरवला, तसाच टॉवेलात झाकून मुरू दिला. फऱ्याचं हाड बोटांनी धरलं आणि ते स्वच्छ, पांढरं, एकटंच हातात आलं.

अप्पांनी भाकरीबरोबर खाल्लं. रस्सा मागितला नाही. दुसऱ्यांदा वाढ म्हणाले, आणि मग ताट पुसून खाल्लं.

काका, मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण मदत करताना समोरच्याला लहान न करणारी माणसं फार कमी. हातचं काम काढून न घेता ओझं तेवढं पेलायचं, हे तुम्ही कुठे शिकलात? कोल्हापूरच्या तालमीत की इथल्या कारखान्यात घालवलेल्या वर्षांत, एकदा निवांत विचारणार आहे. परदेशात आल्यावर आपली माणसं म्हणजे गणपतीच्या आरतीला भेटणारी, अशी माझी समजूत झाली होती. ती तुम्ही मोडलीत, आणि त्याबद्दलही तुमची ऋणी आहे.

येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. फरा सांगून ठेवलाय, पहाटेच चढवते. काकूंना तिखट चालत नाही हे लक्षात आहे, त्यांच्यासाठी एक बाजू नुसत्या आलं-लसणाची करीन. आणि कृपा करून येताना काही आणू नका.

तुमची,
दोन घरं पलीकडची शेजारीण