लव्हाळ्याची गाठ दाखवणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

आईच्या पश्चात वाईजवळच्या आमच्या घरामागची दोन गुंठ्यांची परसबाग सहा वर्षे पडून होती. गेल्या मार्चमध्ये मी ती हाती घेतली तेव्हा कंबरभर गाजरगवत, कुंपणाकडेने हरळीचे जाळे आणि मधोमध लव्हाळा माजलेला होता. आज डिसेंबरात त्याच जागी वांगी लागली आहेत आणि मेथीचे दोन वाफे निघाले आहेत. हे ज्यांच्यामुळे झाले त्या तुमचे आभार चारचौघांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

तुम्ही येण्याआधी माझ्या हातून मोठी चूक झाली होती. काम लवकर उरकावे म्हणून मी वरचे गवत कापून भाड्याच्या यंत्राने सगळी जमीन फिरवून घेतली. दोन दिवस माती भुसभुशीत, काळीभोर दिसली आणि मला फार समाधान वाटले. परंतु हरळीच्या प्रत्येक पेऱ्याला फुटण्याची ताकद असते. यंत्राने तिचे तुकडे करून ते सगळीकडे पसरवले होते, आणि पाणी दिल्यावर पंधरा दिवसांत आधी जिथे हरळी नव्हती तिथेही तिचे हिरवे कोंब दिसू लागले.

एप्रिलमध्ये तुम्ही आलात. मला एका शब्दाने बोल न लावता तुम्ही कुदळ मागितलीत आणि लव्हाळ्याच्या एका रोपाभोवती वीतभर खोल खणलेत. ढेकूळ मुठीत चुरून तुम्ही माझ्या तळहातावर एक गाठ ठेवलीत. बाहेरून काळपट, नखाने खरवडल्यावर आतून पांढरी, आणि सुवासिक. औषधात वापरतात तो मोथा हाच, हे मला तेव्हा कळले. त्या गाठीतून निघालेला दोऱ्यासारखा तंतू तुम्ही बोटांनी न तोडता मोकळा करत नेलात, तेव्हा पुढे दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी, अशी माळच वर आली. इतके दिवस मी फक्त पाती उपटत होते आणि ही माळ खाली जशीच्या तशी राहत होती.

त्यानंतर मेच्या मध्यापर्यंत आपण दोघींनी सगळी जागा हाताने खणली. निघालेल्या गाठी आणि हरळीच्या काड्या घमेल्यात वेगळ्या घेतल्या, शेणखताच्या खड्ड्यात एकही जाऊ दिली नाही. मोठी ढेकळे मात्र न फोडता उलटी करून उन्हात ठेवली, कारण वैशाखाच्या उन्हात उघड्यावर पडलेली गाठ वाळून मरते. पुन्हा उगवलेले गाजरगवत तुम्ही मला हाताला फडके गुंडाळून, फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटायला लावलेत.

वळिवानंतर लव्हाळा पुन्हा वर आला तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही म्हणालात, “येणारच तो. पान दिसलं की काढायचं, त्याला घर भरू द्यायचं नाही.” पान वर काढताना गाठ आपली शिदोरी खर्च करते आणि नवी पाने ती परत भरून देतात, हे तुमच्या त्या एका वाक्यात होते. जूनमध्ये आपण दाट ताग पेरला, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. फुलावर येताच ताग मातीत गाडला, आणि तो कुजल्यावर सप्टेंबरात लागवड केली.

मेनंतरच्या चार खुरपण्यांची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ती देण्यासाठी मी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही उलट माझ्याच हातात फडक्याची एक पुरचुंडी दिलीत. आईने तुम्हाला कधी काळी दिलेला पावटा तुम्ही दर वर्षी लावून, बी धरून जपला होता. आमच्या घरात त्याचा दाणाही उरला नव्हता. त्या दिवशी मला काही बोलता आले नाही. आज मनापासून सांगते, माझ्यासाठी याहून मोलाचे कोणी काही केलेले नाही.

पूर्वेच्या कडेला अजून लव्हाळ्याची चार-दोन पाती दिसतात आणि मी दर पंधरवड्याला खुरपे घेऊन बसते. पावट्याचा वेल कुंपणावर चढला असून त्याला शेंगा धरल्या आहेत. पहिला तोडा घेऊन मी रविवारी तुमच्याकडे येते. खालच्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच राखल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
परसबागेची धाकटी मालकीण