पेंटरकाका, 'लख्ख'मधला ख तुमचा आहे

आदरणीय पेंटरकाका,
सा. न. वि. वि.

'ऊर्वी'च्या अल्बमचं कव्हर पूर्ण झालं. छापील नमुना तुमच्या घरी पोचवला तेव्हा तोंडी आभार मानले, पण त्यात फार काही मावलं नाही. तुमच्याकडून काय काय मिळालं ते नीट लिहून ठेवावं आणि देवनागरीत कव्हर करणाऱ्या पोरापोरींनाही ते वाचता यावं, म्हणून हे जाहीर पत्र.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. पेंटरकाका हाताने बोर्ड लिहिणारे, आणि या कव्हरवरचं अक्षर त्यांनीच काढलं. ऊर्वी ही पॉप गायिका खरी नाही, सरावासाठी कल्पिलेली आहे. तिच्या अल्बमचं नाव 'लख्ख'. कव्हर मात्र खरं असल्यासारखं करायचं होतं. चौरस, 3000 बाय 3000 पिक्सेल, आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या रंगांत. मजकूर फक्त गायिकेचं आणि अल्बमचं नाव. वेबसाइटचा पत्ता, किंमत, फोन नंबर किंवा सोशल मीडियाचं खातं दिसलं की गाण्यांची ॲपं कव्हर परत पाठवतात. शिवाय तेच चित्र एल.पी.च्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या पाकिटावर छापायचं होतं. फोटोत विशेष अडचण नव्हती. हळदी पिवळी सपाट भिंत, खाली कोपऱ्यात पाठमोरी आकृती, वरचा दोन तृतीयांश भाग मोकळा. खरं काम त्या मोकळ्या जागेत होतं.

'लख्ख' नुसतं फॉन्टमध्ये टाइप केलं की दोन गोष्टी बिघडतात. पहिली ल ची. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नसेल तर बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी पाकळीचा ल फॉन्टमध्ये असतो, पण तो मागावा लागतो. हे एका क्लिकचं काम. दुसरी गोष्ट ख ची आणि ती अवघड. ख चे दोन भाग सुटे दिसले की डोळा 'रव' वाचतो. म्हणूनच प्रमाण देवनागरीत ख चा पाय, म्हणजे त्यातल्या र चं खालचं टोक, पुढच्या दांड्याला जोडायचं ठरलं. पण 'ख्ख'मधल्या अर्ध्या ख ला दांडाच नाही, मग पाय टेकणार कुठं? बरेच फॉन्ट तो हवेत सोडतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते चालून जातं. कव्हरवर मात्र तीन अक्षरांचा एकच शब्द असतो आणि तिथं ती पोकळी लगेच डोळ्यात भरते.

काका, तुम्ही तो पाय पोटाखालून, म्हणजे व सारख्या गोल भागाखालून, पुढं नेऊन दुसऱ्या ख च्या र ला टेकवलात. दोन्ही ख तळाशी एका ओढीत जोडले गेले आणि 'रव' वाचायची सोयच उरली नाही. अर्धा ख तुम्ही पूर्ण ख पेक्षा साधारण पाव हिश्शाने अरुंद केलात, पण त्याचं पोट मोकळं ठेवलंत. आम्ही सगळा शब्द सारखा दाबून बसवायला निघालो असतो तर सर्वांत आधी पोटंच बुजली असती. शब्दाची रुंदी कमी करायची असेल तर दोन अक्षरांमधलं अंतर आधी कमी करायचं, पोटाला हात शेवटी लावायचा, हा क्रम तुमचा.

"लांबनं बघा, जवळनं काय कुणीबी वाचतंय," हे तुमचं वाक्य आम्ही आकड्यांत मांडून पाहिलं. फोनवरच्या गाण्यांच्या यादीत कव्हर जेमतेम 9 मिलिमीटर रुंद दिसतं आणि फोन डोळ्यांपासून साधारण 35 सेंटिमीटरवर असतो. त्याच प्रमाणात सहा फुटी बोर्ड सुमारे 70 मीटरवरून बघावा लागेल. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात रस्त्याच्या पलीकडून, ट्रकांच्या रांगेवरून वाचता यावेत म्हणून तुम्ही ज्या हिशोबाने बोर्ड लिहिलेत, तोच हिशोब इथं लागू पडतो. बाबूराव पेंटरांनी 1920 च्या दशकात आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकं स्वतः रंगवली ती याच गावात. लांबून वाचायच्या अक्षराची जाण इथल्या पेठांमध्ये आहे आणि फोनच्या पडद्याला नेमकी तीच हवी आहे, हे आम्ही जिथं शिकवतो तिथं आता आवर्जून सांगतो.

हिशोब आणखी एक पाऊल पुढं नेता येतो. यादीत कव्हर 64 पिक्सेलचं झालं तर मूळ चित्रातले 47 पिक्सेल तिथं एका पिक्सेलमध्ये जातात. म्हणजे अक्षराच्या पोटातली फट 100 पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर ती बुजलीच म्हणून समजा. आम्ही ती कुठंही 140 च्या खाली जाऊ दिली नाही. शब्दाची एकूण रुंदी 2400 आणि उभा दांडा 240 पिक्सेल. शिरोरेषा मात्र 190 च. दांडा 10 भाग तर शिरोरेषा 8 भाग, हे प्रमाण तुम्ही पट्टी न लावता हाताने काढलं होतं. आडवी रेघ उभ्या रेघेएवढीच जाड काढली तर डोळ्याला ती जास्त जाड वाटते आणि शब्द वरून दाबल्यासारखा दिसतो. पोटाची गोलाई तळरेषेच्या किंचित खाली उतरवणं आणि शेवटच्या दांड्यापुढं शिरोरेषा अर्ध्या दांड्याएवढी बाहेर काढणं हेही तुमचंच. मोजपट्टीला यात चूक दिसते, पण डोळ्याला शब्द सरळ बसलेला वाटतो.

छायेबद्दल मुद्दाम लिहितो. बोर्डाला खालच्या अंगाने छाया दिली की अक्षर उठतं आणि तुमची छाया तर गावात प्रसिद्ध. तरी या कव्हरला तुम्हीच ती नाकारलीत. लहान आकारात छाया आणि अक्षर यांच्यामधली फट आधी नाहीशी होते, मग छाया अक्षरालाच चिकटते आणि दांडा दुप्पट जाड दिसायला लागतो. ज्या गोष्टीत आपला हात बसलाय तीच काढून टाका असं सांगणारा जाणकार विरळा.

'ऊर्वी'च्या नावावर आम्ही फार वेळ घालवू नये, हा सल्लाही योग्य होता. गायिकेचं नाव ॲपमध्ये कव्हरशेजारी मजकुरात येतंच, त्यामुळे 64 पिक्सेलला ते वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. मोठ्या आकारात मात्र 'र्वी' नीट दिसायला हवा, कारण दुसरी वेलांटी आणि रफार एकाच दांड्याच्या डोक्यावर येतात. तुम्ही वेलांटीची कमान थोडी बसकी केलीत आणि रफार तिच्या टोकापासून अर्धा दांडा अंतर सोडून उजवीकडं कलवलात. आता दोन्ही खुणा वेगवेगळ्या दिसतात.

आता थोडं साहित्याचं, कारण हे आम्हाला सगळे विचारतात. कागद हाफ इम्पीरियल, म्हणजे 15 बाय 22 इंची. अक्षरं 6 इंच उंच, दांडा सव्वा इंच. वर आणि खाली खडूची दोरी मारून रेषा पाडल्या. हाताखाली टेकायची काठी धरून चपट्या ब्रशने आधी कडा ओढल्या, मग आतला भाग भरला आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी, एका दमात. रंग काळा पोस्टर कलर. इनॅमल चमकतो आणि स्कॅनरचा प्रकाश त्यावर पांढरा पट्टा उमटवतो, म्हणून तो घेतला नाही. शब्द साडेबारा इंच रुंद झाला, तो ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. एक तर ए-थ्री स्कॅनर शोधायचा, नाहीतर दोन इंच एकमेकांवर येतील असे दोन तुकडे स्कॅन करून जोडायचे. 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), ग्रेस्केल. फोनने फोटो काढून भागवू नये, भिंगामुळे शिरोरेषा मध्ये फुगते.

स्कॅन केलेल्या अक्षराचं व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणारं रेषांचं चित्र, करताना ऑटो ट्रेसवर, म्हणजे संगणकाने आपोआप कडा काढण्यावर, सोडलं तर शेकडो बिंदू पडतात आणि ब्रशने काढलेले धारदार कोपरे बोथट होतात. पेन टूलने हाताने कडा काढायच्या, वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या आणि बाजूच्या टोकांवर बिंदू ठेवायचे. ब्रशची सुकी रेघ आम्ही फक्त शिरोरेषेच्या उजव्या टोकाला राखली. बाकीच्या ठिकाणी ती लहान आकारात दिसणारच नव्हती आणि मोठ्या आकारात उगाच जुनाट वाटली असती.

छपाईचं काम प्रेसमधल्या मंडळींनी केलं, पण तिथंही तुमची एक सवय कामी आली. तुम्ही बोर्डाची जमीन आधी पूर्ण रंगवता आणि अक्षर तिच्यावर लिहिता, अक्षरापुरती जागा कोरी ठेवत नाही. छपाईत याला ओव्हरप्रिंट म्हणतात. पिवळ्या जमिनीत अक्षराच्या आकाराचं भोक ठेवलं आणि कागद केसभर सरकला तर काळ्याच्या कडेला पांढरी चीर दिसते. पिवळा अखंड ठेवून त्यावर काळा मारला की ती चीर पडत नाही. एवढ्या मोठ्या अक्षरात नुसता काळा फिका दिसतो, म्हणून त्याखाली 40 टक्के सायन (छपाईची निळी शाई) दिला. हा सायनचा आकार मात्र चारी बाजूंनी 0.2 मिलिमीटर आत घ्यायचा, नाहीतर पिवळ्यावर हिरवी कडा डोकावते.

पाकिटाची दर्शनी बाजू साधारण 31.5 सेंटिमीटर. या आकाराला 3000 पिक्सेलचा फोटो 242 डीपीआयवर येतो, तो खपून जातो. अक्षरं मात्र व्हेक्टरच हवीत. चारी बाजूंना 3 मिलिमीटर जादा चित्र सोडायचं. एका तबकडीच्या पाकिटाचा कणा जेमतेम 3 मिलिमीटर जाड असतो आणि घडी थोडीफार सरकतेच, म्हणून कण्यावरची अक्षरं 2 मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नयेत. 'लख्ख'ला वर-खाली मात्रा नाही, त्यामुळे तो तिथं सुखाने बसला. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाचं बंडल छपाईच्या वेळेपर्यंत फोडायचं नाही. कागद ओल धरतो, ताणतो आणि चार रंग एकमेकांवर बसत नाहीत.

शेवटी श्रेयाचं. मागच्या बाजूला छायाचित्र आणि मांडणीच्या ओळीच्या वर 'अक्षरलेखन' म्हणून तुमचं नाव आहे, 9 पॉइंटात, नुसत्या काळ्यात, म्हणजे बारीक अक्षर फुटणार नाही. "माझं नाव कशाला?" असं तुम्ही म्हणालात, पण अक्षर ज्याने काढलं त्याचं नाव कव्हरवर असलंच पाहिजे, यात तडजोड नाही. सराव कल्पित गायिकेसाठी असला तरी काम खरं होतं, म्हणून मानधनाचं पाकीट सोबत दिलं आहे, ते कृपया परत पाठवू नका. त्यातच एक लेखी चिठ्ठी आहे. मूळ कागद तुमचा, आम्हाला वापर फक्त या कव्हरपुरता आणि वर्गात शिकवण्यापुरता. टी-शर्ट, पोस्टर किंवा दुसरं काहीही करायचं झालं तर आधी तुम्हाला विचारणार आणि वेगळे पैसे देणार. वाचून सही करा आणि एक प्रत तुमच्याकडं ठेवा.

आपले ऋणी,
'लख्ख'चं कव्हर करणारी मंडळी
मंगळवार पेठ, कोल्हापूर