ओलं लाकूड घरी आणू नका, रानातच फोडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्याच वाचकांच्या पत्रांत शहरातल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की गावात घरोघरी सिलिंडर पोचले तरी लोकांच्या चुली काय विझत नाहीत, सगळा आळशीपणा आहे वगैरे. आळशीपणा वाचून मला आधी हसू आलं, मग राग आला, कारण मी तेव्हा नुकताच रानातून येऊन पडवीत टेकलो होतो नि दोन्ही तळव्यांना फोड आले होते. अहो, आमच्या दापोली तालुक्यात चहा गॅसवरच होतो, पण न्हाणीतल्या हंड्याखाली काय सिलिंडर लावायचा का? आणि उकडे तांदूळ करायचे तर भात उकडायला मोठं भांडं दिवसभर चुलीवर असतं, शिवाय गणपतीत मुंबईची पंधरा माणसं घरात, सगळ्यांना आंघोळीला कढत पाणी पाहिजे. १४.२ किलोचा सिलिंडर त्यात किती दिवस टिकेल ते त्या गृहस्थांनीच सांगावं. तेव्हा लाकूड लागतंच, त्यावर वाद नको. पण ते आणायची आमची जी पद्धत आहे ना, तिथं मात्र आम्ही गाववाले खरंच चुकतो. मीपण चुकलो, लागोपाठ तीन वर्षं, म्हणून हे पत्र.

आमचं घर खाली वाडीत नि जमीन वर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, मध्ये चार किलोमीटर. गाडी गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत जाते, पुढे अडीचशे पावलं पायवाट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सड्यावरची आकेशिया धडाधड आडवी झाली, त्या झाडाचं तसंच आहे, वाढतं भराभर पण मुळं वरच्यावर, वाऱ्यापुढे टिकत नाही. पाऊस तोंडावर होता, घरावरची कौलं शाकारायची का रानात जायचं, त्यामुळे झाडं तशीच पडून राहिली. दिवाळीनंतर वर गेलो तर बांधावरचा आंबा भुसभुशीत झालेला, भुंग्यांनी पोखरलेला, आकेशिया मात्र सालीखाली अजून ओलाच्या ओला.

मग काय, लाकूड कापायला चेनसॉ मशीनवाला आणला. त्याला तासावर पैसे, म्हणून मी शहाणपणा केला की कापे कमी घ्यायचे, सहा सहा फुटांचे ओंडके पाडून ठेव, घरी नेऊन बघू. चार माणसांनी एकेक ओंडका पायवाटेने गडग्यापर्यंत आणला, छोटा हत्ती भरला. तो टेम्पो पाऊण टनाचा, आम्ही किती भरलं ते देवालाच ठाऊक, घाटीत मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान कडकन तुटलं. ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे नुसता बघत राहिला, बोलला काही नाही, ते जास्त लागलं. शेवटी ओंडके अंगणात आले. मग ते तोडायला परत मशीन, फोडायला परत माणूस, उचलून खोपीत रचायला परत आम्हीच. एकच लाकूड मी पाच वेळा उचललं आणि तीन वेळा त्याचे पैसे दिले. आणि इतकं करून मिरगाला चूल पेटवली तर धूर! आई खोकून खोकून बाहेर येऊन बसली. लाकूड वरून वाळलेलं नि आतून ओलं, टोकाला फेस येत होता.

तेव्हा आई जे बोलली ते मला अजून आठवतं, की आम्ही डोक्यावरून आणायचो तेव्हा कधी ओलं लाकूड उचललंय का रे? खरंच की. आई, काकी, शेजारची आत्या सगळ्याजणी रानात जायच्या तेव्हा आधी कोयत्याने तोडून टाकायच्या, तिथंच सुकू द्यायच्या, नि महिना-दीड महिन्याने जाऊन मोळी बांधून चुंबळीवर आणायच्या. मानेवर वीस-पंचवीस किलो येतात तेव्हा पाणी कुठलं नि लाकूड कुठलं ते बरोबर कळतं. आमच्याकडे टेम्पो आला आणि वजन कळायचंच बंद झालं.

हिशोब अगदी सोपा आहे. समजा ओल्या लाकडात निम्मं पाणी धरलं, तर शंभर किलोत पन्नास किलो पाणी. तेच लाकूड फोडून नीट वाळवलं, पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं, की उरतं साडेबासष्ट किलो. म्हणजे शंभरातले साडेसदतीस किलो तुम्ही डिझेल जाळून, घाम गाळून, फक्त उडून जाणारं पाणी घाटीतून फिरवून आणता. वर साल, भुसा, चुलीत न जाणारी गाठीची खोडं हेसुद्धा फुकटचं वजनच, ते रानात राहिलं तर कुजून मातीला तरी लागतं.

आणि नुसतं तोडून ठेवलं तरी भागत नाही, फोडायला पाहिजे. साल असलेला गोल ओंडका म्हणजे बंद बाटली, ओल मुख्यतः दोन टोकांतूनच बाहेर पडते. तो चार फाकांत फोडला की आतला भाग उघडा पडतो नि उन्हाने झपाट्याने सुकतो. शिवाय आकेशियासारखं लाकूड ताजं असतानाच चांगलं फुटतं, एकदा वाळून कडक झालं की कुऱ्हाड उलटी उडून येते. घरी नेऊन सावकाश फोडू म्हणणारे मला आता भेटले की मी त्यांना माझी पाठ दाखवतो.

दुसऱ्या वर्षी मग मी सगळं वरच केलं, तोडणं, फोडणं, रचणं, अगदी खुशीत. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये आणखी चार झाडं पाडली होती तीपण घेतली. आणि मार्चमध्ये वणवा आला. सुक्या गवतात चवड रचून ठेवलेली, दुसरं काय होणार. वाडीतली पोरं निरगुडीचे टहाळे घेऊन धावली म्हणून अर्धी तरी वाचली. तिसऱ्या वर्षी भोवतीचं आठ-दहा हात गवत काढून जमीन पार लाल केली, पण चवड थेट मातीवर लावली आणि खालच्या दोन थरांना वाळवी. हे सगळं सांगतोय कारण लोक म्हणतात रानात ठेवलं की जातं, तर जातं खरं, पण आपल्या चुकीने जातं. आता मी खाली जांभ्याचे चिरे टाकतो, त्यावर दोन आडवे वासे नि त्यावर फाटी, वरून फक्त माथ्याला जुना पत्रा. बाजूने वारा खेळला पाहिजे, ताडपत्रीत गुंडाळलं तर आतल्या आत बुरशी धरते.

तोडण्याबद्दल दोन गोष्टी, कारण हल्ली वाडीवाडीत चेनसॉ आल्यात नि पोरं दुकानातून आणून त्याच दिवशी झाडावर चढतात. वादळात मुळासकट उपटलेलं झाड असतं ना, त्याचा मुळांचा मातीसकट मोठा थाळा उभा राहिलेला असतो नि बुंध्याच्या वजनाने तो धरून ठेवलेला असतो. आमचे एक चुलते म्हणाले, बाजूला हो, तो उभा राहील. मला वाटलं म्हातारा काहीतरी बोलतोय. बुंधा कापला गेला त्याबरोबर थाळा धप्पकन मागे खड्ड्यात बसला नि कापलेला खुंट ताठ उभा, मेलेलं झाड परत उभं राहिल्यासारखं. मशीनवाला फूटभर बाजूला होता म्हणून वाचला. त्या खड्ड्यात कधी पोराला उतरू देऊ नका, कुत्र्यालासुद्धा नाही.

दुसरं म्हणजे चेन मातीला लावू नका. आमचा सडा सगळा जांभा, दोन सेकंद चेन दगडाला लागली की धार खलास. ओंडक्याखाली आडवं लाकूड सारा, ते जमत नसेल तर वरून पाऊण कापा, पहारीने ओंडका पलटी करा नि मग उरलेलं कापा. भुसा बघत राहायचं, जाडसर कीस पडतोय तोवर धार आहे, पिठासारखी भुकटी पडायला लागली की थांबा आणि गोल कानस मारा. बोथट मशीन रेटत बसलात तर पेट्रोल जातं, खांदा जातो आणि मशीन हातातून उसळतं. दोन्ही टोकांवर टेकलेला ओंडका वरूनच कापत गेलं तर मधे वाकून मशीनचा बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, पकडतो, म्हणून वरून तिसरा हिस्सा घ्यायचा नि बाकी खालून.

मोजकाठी ठेवा. मी दीड फुटाची बांबूची काठी कमरेला खोचतो, तेवढाच तुकडा. आमच्या चुलीला तेवढंच लागतं, आणि सगळे तुकडे एका मापाचे असले की टेम्पोत विटांसारखे बसतात. मोकळे फेकले तर निम्मा टेम्पो हवाच नेतो.

फोडताना ओंडक्याच्या मधोमध घाव घालायची सवय सोडा. वाळलेल्या टोकाला ज्या चिरा गेलेल्या दिसतात त्या धरून कडेकडेने फाका काढत या, मधला गाभा आपोआप लहान होतो. गाठ आली की भांडू नका तिच्याशी, ते खोड बाजूला, होळीला उपयोगी पडतं. जाड असेल तर लोखंडी पाचर नि घण, कुऱ्हाडीला घण मारायचा नाही, डोळ्यात लोखंडाची कपची उडते. आणि एक आयडिया मोबाईलवर बघितली, आधी येडपटपणा वाटला पण जबरदस्त आहे: जीपचा जुना टायर उभ्या ठोकळ्याभोवती घालायचा नि आत फोडत जायचं. फाका इकडेतिकडे उडत नाहीत, उभ्याच राहतात, मग सुंभ आवळला की तयार भारा. दर घावाला वाकून उचलायचं वाचलं. मी पन्नाशी ओलांडलीय, मला त्या टायरची किंमत विचारा.

पायवाटेसाठी पूर्वी डोकंच होतं. आता मी बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी घेतली, एक दिवस खर्चून वाटेवरचे दगड बाजूला केले. तो एक दिवस सगळ्यांना फुकट गेल्यासारखा वाटला, पण पुढे दोन माणसांनी जे नेलं ते आधी चौघांना झेपत नव्हतं. भरताना पहिले थर काठीने हलवून मगच हात घालायचा. चिऱ्यांच्या फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप असतो, लाकडाच्याच रंगाचा, नि आमच्याकडे ते काय कमी नाही.

आता थोडं कागदाचं. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं यादीत आहेत, स्वतःच्या सातबाऱ्यावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. हे बरोबरच आहे, नाहीतर खैर कधीच संपला असता. पण वादळात पडलेल्याचं काय, आकेशियाचं काय, वाडीतून वाडीत नेताना पास लागतो का, हे विचारायला गेलं तर एका ऑफिसातून दुसऱ्या, दुसऱ्यातून परत पहिल्या. मी गेलोय म्हणून सांगतो, तिसऱ्या खेपेला शिपायाने ओळखून पाणी दिलं. तुमच्या शेतीच्या पानावर दर रविवारी द्राक्ष, कांदा असतोच, एक रविवार आमच्यासाठी काढा, वनखात्याच्या माणसाला बसवून कुठल्या झाडाला कुठला कागद लागतो ते एकदा स्पष्ट छापा. लोक घाबरतात म्हणून रात्री घाईघाईने ओले ओंडके भरून नेतात, आणि मग माझ्यासारखं पाट्याचं पान तुटतं.

आणि देवराईतलं काही कुणी उचलत नाही, तेवढं मात्र कायद्यावाचून चालतं.

यंदाचं लाकूड पौषात फोडून ठेवलंय. परवा जाऊन दोन फाका एकमेकांवर आपटून बघितल्या, टणटण वाजतात, टोकांना चिरा पडल्यात, साल हाताने सुटते. टेम्पोवाल्याला सोमवार सांगितलाय, पण आज दुपारपासून मंडणगडाच्या बाजूला आभाळ भरून आलंय नि तो काय फोन उचलत नाही. माथ्यावरच्या पत्र्याला दगड कमी पडलेत असं वाटतंय, म्हणून हे पत्र इथंच थांबवून वर जाऊन येतो.

आपला एक वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी