हरकतीची मुदत विचारणाऱ्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही. ‘आभार कसले, अर्ज तू केलास’ असं म्हणून मोकळे व्हाल. म्हणून नाव घालत नाही. पण आपल्या सार्वजनिक वाचनालयात पेपर हातात आला की अग्रलेखाच्या आधी जाहीर सूचना आणि निविदा वाचणारा माणूस एकच आहे, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

१५ जानेवारी २०२६ ला आमच्या सासूबाईंनी मत दिलं, ते तुमच्यामुळे. त्याआधी नोव्हेंबरात आपल्या नाशिक महापालिकेच्या निवडणुकीची प्रारूप मतदारयादी लागली, तेव्हा घरातली सगळी नावं आमच्या प्रभागात आणि त्यांचं एकटीचं शेजारच्या प्रभागात. मी तावातावाने तुमच्यासमोर बोलत सुटले होते. २०१७ नंतर निवडणूक नाही, मार्च २०२२ पासून प्रशासक, गटार तुंबलं तर सांगायला नगरसेवक नाही, आणि आता कुठे निवडणूक होतेय तर हा घोळ. लोकशाही संपलीच म्हणायची. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, “लोकशाहीचं नंतर बघू. हरकतीची मुदत कधी संपतेय?”

मग तुम्ही जे सांगितलंत ते शहरातल्या निम्म्या सुशिक्षितांना ठाऊक नसेल. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करतच नाही. विधानसभेची यादी घ्यायची आणि ती प्रभागांप्रमाणे फोडायची. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यामुळे त्या यादीत ज्याचं नावच नाही, त्याला या टप्प्यावर काही करता येत नाही. नाव आहे पण प्रभाग चुकलाय, त्याची हरकत मात्र घेता येते. “तुझ्या सासूबाई दुसऱ्या प्रकारात बसतात. रडणं बंद कर आणि वीजबिल शोध.” एवढ्यावर काम झालं. अंतिम यादीत सासूबाई घरी परत आल्या.

एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून मतदानाला चार बटणं दाबायची म्हटल्यावर त्यांनी भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडे उमेदवारांची चौकशी केली. कोणाला मत दिलं ते मुलालाही सांगितलं नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत, हे त्यांना फार आवडलं.

पण मला आभार मानायचेत ते आणखी एका गोष्टीसाठी. मी राजकारणावर, सणांवर, रोजच्या जगण्यावर काहीबाही लिहीत असते. माझ्या लिहिण्याला शिस्त लावली ती माहिती अधिकाराच्या अर्जाने. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि तोही दीडशे शब्दांत. आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराबद्दल मी जो पहिला मसुदा आणला होता, त्यात गोदावरीचं प्रदूषण होतं, नदीकाठच्या ज्या मूर्तीवरून आपण पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या किती वर पाणी येतं ते होतं, आणि ‘दक्षिण काशीची ही दशा’ असंही एक वाक्य होतं. तुम्ही पेन्सिलीने एकेक ओळ खोडत गेलात. शेवटी एवढंच उरलं: अमुक रस्त्यावरच्या गटारसफाईचा कार्यादेश आणि देयक, यांच्या प्रती मिळाव्यात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. कागद हातात आल्यावर समजलं की कार्यादेशात आमची गल्लीच नव्हती. म्हणजे काम न करता बिल काढलं, असं जे आम्ही कट्ट्यावर ठामपणे म्हणत होतो, ते तसं नव्हतंच. गल्ली यादीत कशी घालायची हा प्रश्न होता, आणि तो सुटण्यासारखा होता.

तेव्हापासून काही लिहायला बसले की तुमचा आवाज येतो: हे कोणाच्या टेबलावर आहे? वैताग येतो कधीकधी. रंगपंचमीला लोक रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारत असतात आणि तुम्ही काठावर उभं राहून, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेली रहाड उकरायचा खर्च कोण करतं, हे विचारता. काका, तिथे तरी नको.

काळारामाच्या देवळाचं मात्र तुम्ही जे सांगितलंत ते डोक्यातून जात नाही. २ मार्च १९३०, बाबासाहेब आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला ती तारीख, आम्हाला शाळेपासून पाठ. तुम्ही बोट ठेवलंत ते त्यानंतरच्या वर्षांवर. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, देऊळ काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मधल्या काळात त्यांनी इथले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेली पत्रं वाच, असं तुम्ही म्हणालात. सत्याग्रह कधी करायचा, कधी थांबवायचा, सगळं पत्रांतून ठरत होतं. भाषणं सगळ्यांच्या लक्षात राहतात, टपाल कोणाच्या राहत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं तोडायचं मात्र पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तुम्ही म्हणता, सिंहस्थ आला की साधूंना जागा लागणारच आणि साधुग्रामाचं आरक्षण जुनं आहे. मी म्हणते, आरक्षित जागेवर झाड वाढलं म्हणून ते अतिक्रमण होत नाही. यावर आपण इतके भांडलो की शेजारच्या बाकावरच्यांनी ‘शांतता राखा’ची पाटी दाखवली. हरकत कशी नोंदवायची हे तुमच्याकडूनच शिकले होते, ती मी तुमच्या मताविरुद्ध लिहिली आणि तपासायला तुमच्याच हातात दिली. तुम्ही नाक मुरडत वाचलीत. भावनेचे दोन परिच्छेद काढलेत, १९७५ च्या वृक्ष कायद्याचा उल्लेख सगळ्यात वर घेतलात, पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे हे मी विसरले होते ते घातलंत, आणि म्हणालात, “आता बरी झाली. तरी चूकच आहे.”

त्या दुरुस्त्यांबद्दल वेगळे आभार. सासूबाईंनी तुमच्यासाठी तिळाच्या वड्या दिल्या आहेत, सोमवारी घेऊन येते. वादाचा पुढचा मुद्दा तयार ठेवा. माझा तयार आहे.

आपली,
पलीकडच्या बाकावरची