मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी रोबोट: सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या ट्रस्टच्या रुग्णालयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ऑपरेशने रोबोटच्या मदतीने सुरू करायचे विश्वस्त मंडळाने ठरवले आहे. ठराव झाला त्याच बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "म्हणजे डॉक्टर आता घरी बसणार का?" देणगीसाठी गेलो की दारोदार हाच प्रश्न येतो, म्हणून आधी त्याचे उत्तर.

रोबोट आपणहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत, रुग्णापासून चार पावलांवर बसून हत्यारे चालवतो. पोटाला जेमतेम ८ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे पाडून कॅमेरा आणि हत्यारे आत जातात. आतड्याचा काढलेला भाग बाहेर आणायला एक थोडा मोठा छेद लागतोच. सर्जनचा हात वळेल तसे हत्याराचे टोक मनगटासारखे वळते, हाताची थरथर आत पोचत नाही. नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात हत्यार काठीसारखे सरळ असते. ओटीपोटात खोल, गुदाशयाजवळ (म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाजवळ), त्यातही पुरुष रुग्णांमध्ये जागा इतकी अरुंद, की ते फिरवताना सर्जनचा कस लागतो. रोबोटचा खरा उपयोग तिथे.

याहून जास्त बढाई मारणार नाही. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ रुग्णांवर १० देशांत झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशन मध्येच थांबवून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, तर रोबोटमध्ये ८.१ टक्के आले. पण तेवढ्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, असेच संशोधकांनी लिहिले. म्हणून सोपे ऑपरेशन आपल्याकडे दुर्बिणीनेच होईल. रोबोट आणलाय म्हणून प्रत्येकाला त्याखाली झोपवायचे, हा धंदा आम्हाला करायचा नाही. अवघड रुग्णाला मात्र पुण्या-मुंबईला पाठवावे लागते, आणि जत-आटपाडीच्या माणसाला तिथले ऑपरेशन परवडले तरी नातेवाइकांचे महिनाभराचे राहणे परवडत नाही.

यंत्राची किंमत कोटींत आहे. ती ट्रस्टच्या ठेवी आणि बँकेचे कर्ज यांतून उभी करतो आहोत. तिच्यासाठी हे आवाहन नाही. हत्ती घेता येतो, रोजचा चारा जड जातो. रोबोटच्या हत्यारांचे आयुष्य मोजून दिलेले असते. किती वेळा वापरले याची नोंद यंत्रच ठेवते आणि ठरलेले वापर संपले, की ते हत्यार कितीही धडधाकट दिसो, यंत्र ते घेत नाही. हा खर्च प्रत्येक ऑपरेशनवर चढतो. गरीब रुग्णाच्या बिलात तो लागू नये म्हणून वेगळा रुग्णनिधी काढला आहे. त्यातून पगार, इमारत किंवा कर्जाचा हप्ता भागवला जाणार नाही.

विटा, खानापूर, आटपाडीकडचे सोने-चांदी गाळणारे गलाई बांधव देशभर पसरले आहेत. गावाकडच्या कामाला त्यांचा हात नेहमीच सैल असतो. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांनी आणि सांगलीच्या हळद पेठेनेही मनावर घ्यावे. शंभर रुपयांचीही पावती मिळेल.

कुणी विचारले होते, पुराचे काय? २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेलेले आम्हीही पाहिले आहे. यंत्र वरच्या मजल्यावर बसेल, जनरेटरही वरच.

पैसे देणे जमत नसेल तर एवढे करा. शौचातून रक्त पडत असेल तर मूळव्याध समजून घरगुती औषधांवर महिने काढू नका, घरच्यांनाही काढू देऊ नका. तपासणीअंती मूळव्याधच निघाली तर उत्तम. पण कॅन्सरची गाठ असली आणि ती उशिरा सापडली तर आमच्या रोबोटचाही फारसा उपयोग नाही.

देणगी शक्यतो चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. चेकमागे 'रुग्णनिधी' असे लिहावे आणि रुग्णालयाच्या कार्यालयातून पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ, सांगली